हेडलाईटचा बल्ब सारखा का जातो? एका तारेचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर गॅरेजमध्ये कधी शिरला! पण ‘बल्ब का गेला’ हा कारणाविषयीचा प्रश्न आहे, आणि कारण म्हणजे काय याची चर्चा आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

केशवमिश्रांच्या ‘तर्कभाषे’त कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: समवायी, असमवायी आणि निमित्त. कापडाचे धागे हे समवायी कारण, धाग्यांचा संयोग असमवायी आणि विणकर, माग वगैरे निमित्त. पुढे ते एक बारीक गोष्ट नोंदवतात. ही तीन कारणं भावपदार्थांनाच असतात. अभावाला फक्त निमित्त कारण असतं. आता बल्ब जाणं म्हणजे ध्वंस, अभावाचाच एक प्रकार. म्हणजे ‘का गेला?’ असं विचारतो तेव्हा आपण निमित्त शोधत असतो. आणि निमित्त शोधायला निघालेला माणूस चटकन आरोपी शोधू लागतो. गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य आहे, ‘कंपन्या मुद्दामच टिकत नाहीत असे बल्ब बनवतात.’ हे खरं आहे का?

हा आरोप हवेतून आलेला नाही, हे आधी सांगतो. १९२४ च्या डिसेंबरात जिनीव्हा इथे जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या. जर्मनीची ओस्राम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची कंपनी. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक थेट नाही, पण आपल्या संबंधित कंपन्यांमार्फत. या संगनमताचं नाव ‘फीबस’. बाजारपेठा वाटून घेणं हा एक उद्देश होताच. दुसरा असा, की घरगुती बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं. त्याआधी चांगले बल्ब १५०० ते २००० तास चालत. प्रत्येक कारखान्याने नमुने तपासणीला पाठवायचे आणि बल्ब ठरल्यापेक्षा जास्त जगला तर दंड भरायचा! नीट ऐका, कमी जगला तर नव्हे, जास्त जगला तर. १९२६ मध्ये सरासरी १८०० तास जगणारा बल्ब १९३३-३४ पर्यंत १२०५ तासांवर आला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ही व्यवस्था मोडली.

अमेरिकेत १९४९ साली जनरल इलेक्ट्रिकविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली निकाल लागला. त्या खटल्यात कंपनीची अंतर्गत पत्रं पुढे आली. टॉर्चचा एक बल्ब पूर्वी तीन बॅटऱ्या पुरायचा. तो दोन आणि पुढे एकाच बॅटरीइतका पुरावा, असा विचार त्या पत्रांत आहे.

म्हणजे आरोप सिद्ध झाला? थांबा. १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने बल्बच्या व्यापाराची सविस्तर चौकशी केली. आयोगाने संगनमतावर टीका केली, पण १००० तास हा आकडा केवळ ग्राहकाला लुबाडण्यासाठी काढला, असं म्हटलं नाही. कारण बल्ब जास्त टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, आणि कमी तापलेली तार त्याच विजेत कमी उजेड देते. बल्बचे पैसे वाचतात, विजेचे जातात.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे. ‘बघा, पूर्वीचे बल्ब कसे टिकायचे!’ म्हणून त्याचा दाखला देतात. तो आज सुमारे ४ वॉटवर जळतो, म्हणजे रात्री वाट दिसण्यापुरता मिणमिणता. तसला बल्ब गाडीच्या हेडलाईटला लावून घाट उतरायची कुणाची तयारी आहे?

आता हेडलाईटकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाईडचे दिवे असत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टरबरोबर विजेचे दिवेही आले, आणि मग ते सगळीकडे पसरले. त्याच सुमाराला विल्यम कूलिजने टंगस्टनची तार ओढण्याची रीत शोधली होती. टंगस्टन ३४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, म्हणून त्याची निवड. पण वितळायच्या कितीतरी आधी ते हळूहळू वाफ होऊन उडत राहतं. तार कुठेतरी किंचित बारीक होते, तिथे जास्त तापते, तापते म्हणून आणखी झिजते, आणि एक दिवस तिथेच तुटते.

१९५० च्या दशकाअखेर यावर एक उपाय निघाला: हॅलोजन. आतल्या वायूत आयोडीन किंवा ब्रोमीन घातलं की उडालेलं टंगस्टन काचेवर न बसता परत तारेवर येतं. १९६२ मध्ये युरोपात एच१ हा पहिला हॅलोजन हेडलाईट बल्ब आला, १९७१ मध्ये आपल्या ओळखीचा एच४. मग तार अमर का झाली नाही? कारण परत आलेलं टंगस्टन नेमकं झिजलेल्या जागी बसत नाही. शिवाय मिळालेल्या सवलतीचा बराचसा भाग कंपन्यांनी आयुष्य वाढवण्याऐवजी तार जास्त तापवून उजेड वाढवण्यावर खर्च केला. रस्त्यावर चालणारा माणूस पन्नास पावलं आधी दिसावा, यासाठी ही किंमत मोजली. मला ती गैर वाटत नाही.

आता आकडेमोड बघा. बारा व्होल्टची गाडी म्हणतो, पण इंजिन चालू असताना ऑल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट देतो. युरोपीय पद्धतीत हे बल्ब १३.२ व्होल्टवर तपासतात. ढोबळ नियम असा की बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताने घटतं. म्हणजे तोच बल्ब सतत १४.४ व्होल्टवर जळला तर उजेड सुमारे एक तृतीयांशाने वाढेल, पण आयुष्य मात्र एक तृतीयांशच उरेल. एका व्होल्टच्या फरकात एवढं होतं!

त्यात आणखी एक गोंधळ आहे. बल्बचं आयुष्य कारखान्यात तासांत मोजतात, आपण महिन्यांत मोजतो. पाचशे तासांचा बल्ब रोज दोन तास वापरला तर २५० दिवसांत संपतो. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनबरोबर आपोआप लागतो. दिवसा जळलेले तासही त्याच खात्यातून वजा होतात, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली बल्ब टिकत नाहीत.’

तेव्हा आपलं निमित्त कारण शोधताना घाई नको. दोन्ही बाजूंचे बल्ब वारंवार जात असतील तर आधी ऑल्टरनेटरचं व्होल्टेज मोजून घ्या. रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो. एकाच बाजूचा जात असेल तर त्या बाजूचा होल्डर, ढिलं कनेक्शन, आत शिरणारं पाणी, दिव्याचा खडखडाट बघा. बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर घातक ठरतं. आणि खोक्यावर ‘जास्त उजेड’ लिहिलेलं असेल तर ‘कमी आयुष्य’ हे न छापलेले शब्दही वाचा.

मग फीबसवाल्यांचा दोष काय? माझ्या मते १००० हा आकडा निवडला, हा नाही. तार किती तापवायची हे कुणाला तरी ठरवावंच लागतं, निसर्ग ते ठरवून देत नाही. दोष हा की ते बंद दाराआड ठरलं आणि वेगळं ठरवू पाहणाऱ्याला दंड झाला. ज्याला जास्त टिकणारा मंद बल्ब हवा होता, त्याच्या हातातून निवड गेली आणि ती गेल्याचं त्याला कळलंही नाही. तार तुटणं हे निसर्गाचं काम. किती तासांनी तुटावी हा माणसांचा निर्णय. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की एक तर सगळंच भौतिकशास्त्रावर ढकललं जातं, नाहीतर सगळंच कटकारस्थान वाटतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आता एलईडी आले आहेत. ते खूप टिकतात, पण पुष्कळ गाड्यांत ते सुटे बदलता येत नाहीत. बिघाड झाला तर अख्खा दिवा बदलायचा. काही रुपयांच्या बल्बऐवजी हजारोंचा खर्च. इथेही कुणीतरी काहीतरी ठरवलं आहे. काय ठरवलं, का ठरवलं आणि गाडी घेताना ते आपल्याला सांगितलं का, हे विचारायला हवं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊया.