राजापूरची गंगा आणि वसुदेवाचा पेला

आजचा भाग सुरू करूया एका पितळी पेल्यापासून. आमच्या आजीच्या देवघरात होता तो. मधोमध वसुदेव, त्याच्या डोक्यावरच्या टोपलीत बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचं. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं रे लागलं, की तळातून सगळं वाहून जायचं. आजी म्हणायची, "बघ, यमुना ओसरली!"

मूर्तीच्या आत एक वाकडी नळी दडवलेली असते. तिचं एक तोंड पेल्यात तळाशी, दुसरं बुडातून बाहेर. पाणी वळणाच्या वर चढेपर्यंत काहीच होत नाही. एकदा चढलं, की बाहेरच्या बाजूचं पाणी खाली घसरतं आणि हवेचा दाब आतलं पाणी मागोमाग ढकलत राहतो. शेवटी नळीत हवा शिरली की खेळ संपला. हाच सायफन, म्हणजे वक्रनलिका.

आता चला राजापूरला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच, उन्हाळे गावाजवळ १४ कुंडं आहेत. एरवी कोरडी. साधारण दर तीन वर्षांनी तिथे अचानक पाणी उसळतं, काही आठवडे, कधी काही महिने वाहतं आणि निघून जातं. गंगा आली म्हणून गावोगावचे लोक स्नानाला येतात. हल्ली ती तीन वर्षांचा हिशोब फारसा पाळत नाही.

याचं एक स्पष्टीकरण म्हणजे हाच पेला, फक्त जमिनीखाली. खडकातली पोकळी पावसाच्या झिरपत्या पाण्याने हळूहळू भरते, वळणापर्यंत पोचली की रिकामी होते. अर्थात ती नळी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. शिवाय शेजारशेजारच्या कुंडांतलं पाणी कमीजास्त गरम असतं, ते एकाच नळीने उलगडत नाही.

हे कोडं फक्त आपल्यालाच पडलंय असं नाही. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी इटलीत धाकट्या प्लिनीने कोमो सरोवराकाठच्या एका झऱ्याबद्दल मित्राला पत्र लिहिलं. तो झरा दिवसातून तीनदा चढायचा, उतरायचा. काठावर कोरड्या जागी अंगठी ठेवा, पाणी येऊन ती झाकतं, म्हणाला. त्याचा एक अंदाज होता: अरुंद गळ्याच्या बाटलीतून पाणी ओतताना हवा अडते आणि पाणी गचके खात येतं, तसंच काहीतरी. त्याच्याही आधी, पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने हवा-पाण्याच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच सायफनपासून होते. त्याचं कारंजं तर दाबलेल्या हवेवर उडायचं, पंप नाही की मोटर नाही.

आता मुद्द्याचं. पेल्यातल्या नळीला वळणावर बारीकसं भोक पाडा. हवा शिरते आणि यमुना ओसरायचीच थांबते. गंगेखाली खरंच अशी नळी असेल, तर जवळपास पडणारी एखादी बोअरवेल किंवा सुरुंगाचा एक हादरा पुरेसा आहे. आणि फुटलेली नळी खडकात कोण सांधणार?

म्हणून पुढच्या वेळी गंगा आली की सेल्फी जरूर काढा. सोबत तारीख, कुठल्या कुंडात किती पाणी होतं, आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी, एवढंही टिपून ठेवा. आजी हात जोडायची, मी नळी शोधतो. पण पाणी येत राहायला हवं, यावर आमचं दोघांचं एकमत आहे.

भेटू पुढच्या भागात!