न संपणारी लढाई

चालून येणाऱ्या शत्रूंना थोपवण्याच्या पडद्यावरील खेळांचा इतिहास सांगायचा, तर मला १९७८ सालच्या जपानात जावे लागते. तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तो त्या साली. माणसांवर गोळ्या झाडणे नको, म्हणून शत्रू परग्रहावरचे घेतले. ११ जणांच्या ५ रांगा खाली सरकत येत. खेळणाऱ्यापाशी एक तोफ आणि ४ आडोसे. शत्रू जसजसे मरत, तसतसे उरलेले अधिक वेगाने येत. याचे मूळ यंत्राच्या दुबळेपणात होते! चित्रे घटली, की त्याचे ओझे हलके होई. निशिकादोंनी तो वेग मुद्दाम राखला. एक फळी संपली, की दुसरी हजर. विजय असा नाहीच. तग किती धरला, एवढाच हिशेब. पराभव ठरलेला असूनही माणसे पुन्हा नाणे टाकीत, यातच मला या खेळाचे मर्म दिसते.