गाडीच्या मीटरवरची धूसर काच घरी कशी साफ करावी?

मागच्या मे महिन्यात भिवापूरला घरी गेलो होतो. सकाळी बाबांसोबत गाडीनं नागपूरला निघालो. उमरेडच्या अलीकडे लक्षात आलं, की मीटर बघताना बाबा दरवेळी मान वाकडी करताहेत. विचारलं तर म्हणाले, "डोळ्याचं काहीतरी झालं आहे बहुतेक. दाखवू कधीतरी." मी बाजूच्या सीटवरून वाकून पाहिलं. डोळ्यांचं मला माहीत नव्हतं, पण काच मात्र पार गेलेली होती. मागून ऊन पडलं, की सगळी काच पांढरी व्हायची आणि काटा ४० वर आहे की ८० वर, तेच कळायचं नाही. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि हे महिनोन्महिने अंदाजानं गाडी चालवत होते.

गॅरेजवाल्यानं पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. खर्च तर आहेच, शिवाय नव्या मीटरवर गाडीचं जुनं रनिंग जुळत नसेल, तर पुढे विकताना शंभर प्रश्न येतात. म्हणून आधी घरी काय होतं ते बघायचं ठरवलं.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण हिला काच म्हणतो खरं, पण ती काच नाही. बहुतेक गाड्यांत ते ॲक्रिलिक असतं, काहींत पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक १९३० च्या दशकात बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या पारदर्शक छतासाठी वापरलं गेलं. गंमत म्हणजे १९४९ साली लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेही याच प्लास्टिकचं. म्हणजे बाबा डोळ्यांवर संशय घेत होते, ते अगदीच चुकीच्या दिशेनं नव्हतं!

हे प्लास्टिक स्वच्छ असतं, हलकं असतं, पण मऊ असतं. कडकपणाच्या मोह्स मापावर ते ३ च्या आसपास येतं. धुळीतले वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. आमची गाडी रोज शेताच्या कच्च्या रस्त्यानं जाते आणि सीटखाली कायम एक कोरडं फडकं असतं. बाबा गाडीत बसले, की आधी त्या फडक्यानं मीटर पुसणार. आपण पुसत नसतो मित्रांनो, वाळू घासत असतो. प्रत्येक बारीक चरा प्रकाश इकडेतिकडे फेकतो आणि असे हजारो चरे एकत्र आले, की धुकं दिसतं. रात्री मागच्या दिव्यानं मीटर वाचता येतं. उन्हात तेच चरे चमकतात.

आता तपासणी. मोबाइलचा टॉर्च लावा आणि काचेवर अगदी तिरका धरा. त्यातून तीन गोष्टी कळतात. तेलकट इंद्रधनुषी थर दिसला, तर ती डॅशबोर्ड पॉलिशची आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून निघालेल्या वाफांची चिकटी आहे, ती धुऊन जाते. गोल गोल जाळं दिसलं, तर ते फडक्याचे वरवरचे चरे. आणि नख अडकत असेल, तर चरा खोल आहे. शंका वाटली, तर पाण्याचा एक थेंब बोटानं लावा. पाणी चऱ्यात भरतं, प्रकाश कमी विखुरतो, आणि वरवरचा चरा दिसेनासा होतो. असं झालं तर काम होण्यासारखं आहे. थेंबाखालीही धूसरच दिसत असेल, तर खराबी आतल्या बाजूला आहे. तिथे बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य.

अजून एक. टॉर्चचं प्रतिबिंब ठळक बिंदूसारखं न दिसता पसरट दिसत असेल, तर वर चमक कमी करणारा खास पृष्ठभाग आहे. तो घासू नका, डाग पडेल. नव्या गाड्यांच्या डिजिटल स्क्रीनलाही हेच लागू. आणि मोबाइलच्या काचेवर हा प्रयोग करायच्या भानगडीत तर पडूच नका. तिच्यावर बोटांचे ठसे अडवणारा थर असतो, पॉलिशनं तोच आधी जाईल.

माझी चूक इथेच सांगून टाकतो. घाईत मी चिकटी काढायला सॅनिटायझर वापरलं. दहा मिनिटांनी कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. साच्यात बनताना ॲक्रिलिकमध्ये ताण राहिलेला असतो, आणि अल्कोहोल लागलं, की तो भेगांच्या रूपात बाहेर पडतो. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच साफ करायचं लिक्विड, सगळे याच जातीचे. त्या भेगा पॉलिशनं जात नाहीत. आमच्या मीटरच्या डाव्या कोपऱ्यात त्या आजही आहेत.

बरोबर पद्धत अशी. गाडी सावलीत, इंजिन बंद, चावी काढलेली. मे महिन्यातल्या दुपारी तर नकोच, गरम प्लास्टिकवर पॉलिश लगेच वाळतं. आधी मऊ ब्रशनं धूळ झटका. मग मायक्रोफायबर कापड साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवून, चांगलं पिळून, दाब न देता पुसा. पाणी मीटरवर थेट फवारू नका, फटीतून आत सर्किटवर जाईल. कडांना मास्किंग टेप लावा. आमच्याकडे नुसत्या धुण्यानंच बरंच धुकं गेलं होतं.

उरलेल्या चऱ्यांसाठी प्लास्टिकचं पॉलिश घ्या. धातूचं किंवा जाडं रबिंग कंपाउंड नको. आधी कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर करून बघा. ढग किंवा पोपडा दिसला, तर वर कोटिंग आहे, तिथेच थांबा. ठीक असेल, तर वाटाण्याएवढं पॉलिश स्वच्छ कापडावर घ्या आणि हलक्या हातानं आडवं, मग उभं फिरवा. चरा "भरत" नाही हे लक्षात ठेवा. आपण आजूबाजूचं प्लास्टिक झिजवून त्याच्या तळापर्यंत आणतो. म्हणून वेळ लागतो. मला तीन फेऱ्या आणि दीड तास लागला, दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला.

खोल चऱ्यासाठी पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, आधी २०००, मग ३०००, आणि शेवटी पॉलिश. २००० नंबरच्या पेपरचे कण साधारण १० मायक्रॉनचे असतात आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणून पेपर मारल्यावर काच आधीपेक्षा जास्त पांढरी होते. घाबरू नका, पण पॉलिश हातात नसेल तर पेपर सुरूच करू नका. आणि एकाच ठिकाणी घासत बसलात, तर तिथे खळगा पडून आकडे वाकडे दिसतील. ड्रिलला बफ लावून करायचा मोह आवरा. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ होतं, आणि घर्षणानं तेवढं तापायला फार वेळ लागत नाही.

टूथपेस्टचं काय? तिच्यातही घासणारे कण असतात, त्यामुळे थोडा फरक पडतो. पण कण किती जाडे, ते ब्रँडगणिक बदलतं. माझ्या मते बाबांच्या गाडीवर असला जुगार नको. व्हॅसलीन चरा लपवतं, पण धूळ धरून ठेवतं.

मीटर उघडून आतून साफ करायचं असेल, तर ते काम माहीतगाराकडे द्या. काटा जरा हलला, तरी स्पीड चुकीचा दाखवेल.

आमची काच नव्यासारखी झाली नाही, पण काटा भर उन्हातही दिसतो. सीटखालचं फडकं मी फेकलं आणि डब्यात बंद मायक्रोफायबर कापड ठेवलं. बाबांचे डोळेही तपासून घेतले. चष्म्याचा नंबर थोडा वाढला होता. पुढच्या वेळी गेलो तर सीटखाली नवीन फडकं.