टोरोनॅडो : हौसेची मोटार, काळाच्या पुढचे तंत्र

अमेरिकेत मोठ्या कुटुंबाच्या गरजेपेक्षा मालकाच्या हौसेसाठी घडवलेल्या, दोन दारांच्या ऐसपैस मोटारींना ‘पर्सनल लक्झरी कार’ म्हणत. ओल्ड्समोबिल कंपनीची ‘टोरोनॅडो’ ही १९६६ च्या मॉडेलची मोटार त्यांपैकीच एक. तिचे वेगळेपण मात्र बॉनेटखाली दडले होते.

त्या काळी अमेरिकी मोटारींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळे. १९३७ मध्ये ‘कॉर्ड’ बंद झाल्यापासून पुढील चाकांवर चालणारी मोटार तेथे मोठ्या प्रमाणावर बनलीच नव्हती. ब्रिटनच्या ‘मिनी’ने १९५९ मध्ये छोट्या गाडीत हे तत्त्व यशस्वी केले होते, परंतु सात लिटरच्या, ३८५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा जोर गाडी वळवणाऱ्या चाकांनाच पेलेल का, ही शंका होती. अभियंत्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला बसवला आणि दोहोंना रुंद पोलादी साखळीने जोडले. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नाहीसा झाला आणि गाडीचा तळ सपाट झाला.

दोष होतेच. सुमारे दोन टनांच्या या गाडीचे ड्रम ब्रेक वारंवार दाबल्यास तापत आणि त्यांची पकड सैल होई. पुढच्याच वर्षी डिस्क ब्रेकचा पर्याय द्यावा लागला.

१९७१ पासून तिच्या मागील काचेखाली उंचावर जादा ब्रेकदिवे आले. उंचावरील ब्रेकदिवा अमेरिकेत मोटारींना सक्तीचा झाला तो १९८६ च्या मॉडेलपासून. १९७७ मध्ये इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ मायक्रोप्रोसेसरने ठरवणारी यंत्रणा टोरोनॅडोत बसवली गेली. आज संगणकाविना इंजिनाची कल्पनाही करवत नाही.

सर्वांत बोलकी कथा एअरबॅगची. १९७४ च्या मॉडेलपासून टोरोनॅडोसह जनरल मोटर्सच्या काही मोठ्या गाड्यांत ती जादा पैसे देऊन मिळू लागली. तीन वर्षांत जेमतेम दहा हजारांच्या आसपास गाड्यांत ती बसली आणि १९७६ नंतर कंपनीने ती मागे घेतली. तंत्र सिद्ध होते. मागणी नव्हती आणि कायद्याची सक्तीही नव्हती. अमेरिकेत पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सर्व मोटारींत अनिवार्य होण्यास १९९८ चे मॉडेल उजाडले. भारतात चालकासाठी ती १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणजे टोरोनॅडोनंतर सुमारे साडेचार दशकांनी.

टोरोनॅडोचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. २००४ मध्ये ओल्ड्समोबिल हे नावही इतिहासजमा झाले. गाडी गेली, तिच्यातील कल्पना मात्र साध्या मोटारींत नांदत आहेत. शोध लागणे ही प्रवासाची सुरुवात असते. तो श्रीमंतांच्या हौसेतून सामान्यांच्या सुरक्षिततेपर्यंत किती काळात पोहोचतो, हे प्रयोगशाळेइतकेच समाजाच्या निर्णयांवर अवलंबून असते. आणि त्या विलंबाची किंमत रस्त्यावर माणसांच्या प्राणांनी मोजली जाते.