पद्मिनीचे सुटे भाग

मुंबईकर तिला अखेरपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ साली तीच 'पद्मिनी' झाली. परवाना-राज्याला नावे ठेवली जातात, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळलेल्यांनी ती ठेवावीतच. पण त्या गोठलेल्या बाजारपेठेचे एक अनपेक्षित फळ आमच्यासारख्या हौशी मालकांच्या पदरात पडले. गाडी फारशी बदललीच नाही. त्यामुळे जुन्या फियाटला नंतरच्या टॅक्सीचा भाग बहुधा बसे.

पावसाळ्यात गाडी रुसली, की डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पुसावे, पॉइंट पॉलिशपेपरने घासावेत, फीलर गेजने फट जुळवावी. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला असेल, तर अनेकदा एक फुंकर पुरते. हे आम्हांस पुस्तकांनी शिकवले नाही. रस्त्याकडेला उकिडवे बसलेल्या टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मिस्त्र्यांनी शिकवले. वारसा आम्ही जपला, असे आम्ही मिरवत आलो. वस्तुतः सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला तो त्यांच्या पोटापाण्याने.

शतक बदलताना उत्पादन थांबले. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. आता कुर्ल्याच्या बाजारात गेलो, की दुकानदार आधी विचारतो, "नग किती उचलणार?" एकट्यादुकट्या गाडीसाठी माल कोण भरणार? आम्ही दोन क्लचप्लेटी कपाटात आणून ठेवल्या आहेत.