कुर्द कोण आहेत? स्वतःचा देश नसलेल्या कोट्यवधी लोकांच्या संघर्षाची गोष्ट

११ जुलै २०२५. उत्तर इराकमधल्या सुलेमानियाजवळ डोंगरातल्या एका गुहेसमोर सुमारे ३० बंडखोर जमले. त्यांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत ठेवल्या आणि पेटवून दिल्या. तुर्कस्तानविरोधात १९८४ पासून लढणाऱ्या कुर्दिस्तान वर्कर्स पार्टीने, म्हणजेच 'पीकेके'ने, शस्त्रं खाली ठेवायला अशी सुरुवात केली.

या एका संघर्षात ४० हजारांहून अधिक लोकांचा जीव गेला आहे. पण कुर्दांचा प्रश्न फक्त तुर्कस्तानपुरता नाही.

कुर्द राहतात कुठे?

कुर्दांची संख्या अडीच ते साडेतीन कोटींच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया यांच्या सीमा जिथे भिडतात, तो डोंगराळ पट्टा म्हणजे त्यांची भूमी. बहुसंख्य कुर्द सुन्नी मुस्लिम आहेत, मात्र त्यांची भाषा आणि संस्कृती अरब व तुर्कांपेक्षा वेगळी आहे.

देश का मिळाला नाही?

पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य कोसळलं. १९२० च्या सेव्र करारात कुर्दांना स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्याची शक्यता दाखवण्यात आली होती. मात्र १९२३ च्या लुझान करारात कुर्दिस्तानचा उल्लेखच उरला नाही. कुर्द चार देशांत विभागले गेले आणि प्रत्येक देशात अल्पसंख्याक ठरले.

चार देशांत काय घडलं?

तुर्कस्तान: इथे कुर्दांची वेगळी ओळखच अनेक दशकं नाकारली गेली. १९९१ पर्यंत कुर्दी भाषेवर कायदेशीर बंदी होती. १९९० च्या दशकात लष्कराने आग्नेय भागातली हजारो गावं आणि वस्त्या रिकाम्या केल्या. पीकेकेच्या हल्ल्यांतही सामान्य नागरिक मारले गेले. तुर्कस्तान, अमेरिका आणि युरोपियन युनियनने या संघटनेला दहशतवादी ठरवलं आहे.

इराक: सद्दाम हुसेन यांच्या राजवटीतल्या १९८८ च्या 'अनफाल' मोहिमेत ५० हजार ते एक लाख कुर्द मारले गेले, असा 'ह्युमन राइट्स वॉच'चा अंदाज आहे. त्याच वर्षी १६ मार्चला हलब्जा शहरावर रासायनिक हल्ला झाला आणि सुमारे ५ हजार जण मृत्युमुखी पडले. १९९१ मध्ये कुर्दांचा उठाव चिरडला गेला, तेव्हा १५ लाखांच्या आसपास लोक तुर्कस्तान आणि इराणच्या सीमांकडे पळाले. आज इराकमध्ये कुर्दांचा स्वायत्त प्रदेश आहे.

सीरिया: १९६२ च्या एका जनगणनेनंतर सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. त्यांच्या मुलाबाळांनाही नागरिकत्व मिळालं नाही.

इराण: १९४६ मध्ये महाबाद इथे कुर्दांचं प्रजासत्ताक स्थापन झालं. ते वर्षभरही टिकलं नाही. त्याचे अध्यक्ष काझी मोहम्मद यांना १९४७ मध्ये फाशी देण्यात आली.

मित्र येतात आणि जातात

'डोंगरांशिवाय आपल्याला मित्र नाही,' अशी कुर्दांमध्ये म्हण आहे. तिला इतिहासाचा आधार आहे. १९७० च्या दशकात इराकी कुर्दांच्या बंडाला इराण आणि अमेरिकेची मदत होती. १९७५ मध्ये इराण आणि इराकमध्ये समझोता झाला, मदत बंद झाली आणि बंड कोसळलं.

पुढे 'इस्लामिक स्टेट'विरुद्ध अमेरिकेच्या साथीने सीरियातल्या कुर्दांच्या नेतृत्वाखालील फौज लढली. त्यात आपले सुमारे ११ हजार जण मारले गेले, असं ही फौज सांगते. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने सीमेवरून सैनिक मागे घेतले आणि काही दिवसांतच तुर्कस्तानने हल्ला केला. त्याआधी २०१८ मध्ये आफ्रिनमधून एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले होते.

आता पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये सीरियाचं नवं सरकार आणि कुर्द फौज यांच्यात एकत्रीकरणाचा करार झाला, मात्र त्यानंतरही चकमकी झाल्या. तुर्कस्तानात शाळेत कुर्दी हा ऐच्छिक विषय आहे. संपूर्ण शिक्षण मातृभाषेत मिळावं, ही मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. पीकेकेने बंदुका जाळल्या, पण ज्या भाषेच्या आणि नागरिकत्वाच्या हक्कांसाठी संघर्ष पेटला, त्यांचा निर्णय या देशांच्या सरकारांच्या हातात आहे.