मुक्काम कुठे करायचा?

प्राचीन स्थळांची माहिती देणाऱ्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ हमखास असते : 'राहण्याची सोय'. लेण्यांचा काळ, शिल्पांची शैली, राजांच्या वंशावळी यांवर पानेच्या पाने खर्च झालेली असतात आणि ही ओळ बारीक टाइपात कोपऱ्यात पडलेली असते. इतिहासाचा शिक्षक असूनही मी ती ओळ अगोदर वाचतो. कारण दूरचे स्थळ पाहायचे म्हणजे एक रात्र तेथे काढावी लागते. ज्याला रात्र काढता येत नाही, त्याला ते स्थळ पाहताही येत नाही. आपल्या देशात वेरूळ-अजिंठा कोणी पाहिले आणि कोणी पाहिले नाही, याचे उत्तर पुरातत्त्वात नाही, धर्मशाळेच्या दारात आहे.

गंमत अशी की जी लेणी पाहायला आपण जातो, ती मुळात मुक्कामासाठीच कोरलेली होती. विहार म्हणजे भिक्खूंचे राहण्याचे ठिकाण. चार महिने पाऊस कोसळत असताना वर्षावासासाठी डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या खोल्या. ज्या संघात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी सन्मानाने दाखल झाले, त्या संघाचे हे निवारे. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत. त्यांतल्या तीन मजली लेण्यात उभे राहिले की एका छपराखाली किती माणसे राहू शकतील याचा अंदाज मन आपोआप करू लागते.

आणि हीच लेणी पाहायला १९३४ साली जे निघाले, त्यांना आपण कोण आहोत हे लपवत प्रवास करावा लागला.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केली. चळवळीतील तीसएक सहकारी वेरूळ-दौलताबादच्या प्रवासाला निघाले. निघण्यापूर्वीच त्यांनी ठरवले की वाटेत कोठेही ओळख द्यायची नाही. जेथे मुक्काम करायचा तेवढ्याच गावी ओळख द्यायची. हा निर्णय वाचताना मी नेहमी थांबतो. मुंबई विधिमंडळात बसलेला, गोलमेज परिषदेत बोललेला, बॅरिस्टर झालेला माणूस सहलीचा आराखडा करतो, तेव्हा कोणते गाव सुंदर आहे याचा विचार नंतर येतो. कोणत्या गावी आपली माणसे आहेत, आपल्याला पाणी कोठे मिळेल, हा विचार आधी येतो. निजामाच्या राज्यातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हा मुक्काम. त्याच्या अलीकडे दौलताबाद. दौलताबादच्या वेशीशी तेथले आपले लोक वाट पाहत उभे होते. चहा तयार होता. पण दिवस मावळत आला म्हणून मंडळी अगोदर किल्ल्याकडे गेली. रमजानचा महिना. दाराजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदावर काहींनी धुळीने भरलेले हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गलका उठला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. देवगिरीचे यादव, तुघलक, निजामशाही हे सगळे त्या मंडळींनी शिपायाच्या पहाऱ्यात पाहिले.

त्याच्या सतरा वर्षे अगोदर बडोद्याला काय झाले ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला पारशी नाव घेऊन पारश्यांच्या धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. दोन मित्रांना विचारले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली. बडोद्याचा जमाव पारशी, दौलताबादचा गलका करणारा मुसलमान. हिंदूने ज्याला अस्पृश्य ठरवले तो इतरांनाही अस्पृश्यच असतो, हे बाबासाहेब या दोन प्रसंगांवरून दाखवतात. पण एक गोष्ट निसटून जाऊ नये. बडोद्याला ते एकटे होते आणि खोटे नाव लावून राहिले. दौलताबादला वेशीवर आपली माणसे उभी होती.

अमेरिकेत १९३६ पासून हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन नावाचा एक काळा टपाल कर्मचारी दरवर्षी एक छोटे पुस्तक काढीत असे. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी कोणत्या घरात, कोणत्या हॉटेलात रात्र काढता येईल, त्याची यादी. तीसएक वर्षे ते निघत राहिले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारे उघडल्यावर त्याची गरज सरत गेली. आपल्याकडे असे पुस्तक निघाले नाही, आणि निघाले असते तरी वाचणार कोण होते? आपली यादी तोंडी होती. अमुक गावच्या महारवाड्यात तमक्याची सोयरिक आहे, तेथे भाकरी मिळेल. माझी आजी पंढरीच्या वारीला गेली होती. रात्री वाळवंटात काढल्या, असे सांगायची. त्यात तिला तक्रार वाटत नसे, मला मात्र ते ऐकून राग येई.

चोखोबाची समाधी महाद्वाराशी पायरीजवळ आहे. भक्त उंबऱ्याबाहेर आणि त्याची लेकरे वाळवंटात, ही पंढरपूरची व्यवस्था. ती मोडायला आमच्या वऱ्हाडचाच एक माणूस पुढे आला. शेणगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जातीने परीट. त्यांनी १९२० च्या आगेमागे पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. देहू, आळंदी, नाशिक येथेही धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र त्यांतल्या एकाही इमारतीत आरामात राहिले नाहीत. झाडाखाली, झोपडीत झोपले.

आमच्यातले काही विद्वान म्हणतात की अस्पृश्यांची वेगळी धर्मशाळा बांधणे म्हणजे वेगळेपण मान्य करणेच झाले. हे अर्धेच खरे. मराठ्यांची धर्मशाळा, परिटांची धर्मशाळा, अशी सगळ्याच जातींची छपरे पंढरपुरात वेगळी होती. फक्त आपल्याला छप्परच नव्हते. पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तत्त्वचर्चा पुरत नाही. शिवाय त्या धर्मशाळेचे पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. १९४९ साली गाडगेबाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. येवल्याची घोषणा होऊन चौदा वर्षे झाली होती. ज्या माणसाने हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले होते, त्याने विठ्ठलाच्या गावातील वारकऱ्यांची इमारत घेतली, ती पोरांच्या शिक्षणासाठी. छप्पर घेतले, देव घेतला नाही. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. दौलताबादच्या हौदापासून ते काही फार दूर नाही.

हे सगळे मांडण्याचे कारण आमच्या वर्गात निघालेला एक वाद. कौंडण्यपूरची सहल ठरली होती. वर्धा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे पुराणातली विदर्भाची राजधानी, रुक्मिणीचे माहेर. कथेचा दुसरा धागा अमरावतीच्या अंबादेवीशी जोडलेला आहे, आणि त्या अंबादेवीचे दार उघडावे म्हणून १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. मला पुराणापेक्षा कौंडण्यपूरच्या पांढरीत रस आहे. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी तेथे उत्खनन केले. काळ्या-तांबड्या खापरांपासून सातवाहन काळापर्यंतची वस्ती त्यात उजेडात आली. मुलांनी ती जागा डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू. मुक्काम गुरुकुंज मोझरीला करावा असे मी सुचवले. दोन्ही गावे तिवसा तालुक्यातच आहेत, नागपूर रस्त्यावर येण्याजाण्याची सोय आहे, खर्च झेपण्यासारखा.

एक विद्यार्थी उठला. म्हणाला, "सर, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोरं आपण. आश्रमात कशाला राहायचं?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. गुरुकुंज आश्रम १९३५ सालचा, येवल्याची घोषणाही त्याच वर्षीची. एकाच वर्षी तुकडोजी महाराज मोझरीला सगळ्या जातींना एका प्रार्थनेत, एका पंगतीत बसवण्याचा घाट घालतात आणि बाबासाहेब ते घरच सोडायचे ठरवतात. माझे मत विचाराल तर बाबासाहेबांचे निदान खरे होते. पंगत एक झाली तरी गावात परतल्यावर विहीर आणि शेत कोणाचे, हा प्रश्न तसाच राहतो. भजनाने जमीन वाटली जात नाही. पण खंजिरी वाजवीत खेडोपाडी अस्पृश्यतेविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला सनातन्यांच्या रांगेत बसवणेही इतिहासाला धरून नाही. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा तुकडोजी त्यांच्या बाजूला होते.

मी त्या मुलाला चोखामेळा धर्मशाळेची हकीकत सांगितली. प्रार्थनेला बसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; रात्र काढणे म्हणजे दीक्षा घेणे नव्हे. तो गप्प बसला, पटले असे मात्र म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही म्हटले नसते.

त्याच्या मनात काय होते ते मला नंतर कळले. आदल्या वर्षी दुसऱ्या एका तीर्थाच्या गावी तो मित्रांबरोबर गेला होता. वहीवाल्याने अगोदर नाव विचारले, मग पूर्ण नाव, मग गाव, आणि आडनाव कळल्यावर खोल्या भरल्या असल्याचे सांगितले. पाठोपाठ आलेल्यांना खोली मिळाली. राज्यघटनेच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. १९५५ च्या कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना ही नावे घालून गुन्हा ठरवला, आणि १९७६ पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. पण 'खोली शिल्लक नाही' या वाक्यावर कोणते कलम लावणार? साक्षीदार कोण? बडोद्याला काठ्या लागल्या होत्या, आता वहीतला एक रकाना पुरतो.

शेवटी असे ठरले. पहिली रात्र मोझरीला. दुसऱ्या रात्री कुऱ्ह्याकडच्या एका गावातील बुद्धविहारात. तेथील मंडळींनी स्वयंपाकाचे आपण होऊन अंगावर घेतले आहे. मुलांना एक काम दिले आहे : निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचे की तुम्ही जत्रेला, वारीला, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलात तेव्हा रात्री कोठे झोपलात, आणि पाणी कोणी दिले. उत्तर जसे सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, वहीत लिहायचे. पहिल्या तीन वह्या माझ्याकडे आल्या आहेत. एकीत बडनेरा स्टेशनचा फलाट आहे, दुसरीत वाळवंट. तिसरीत एका आजोबाने सांगितले आहे की १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला रात्र उघड्या मैदानात काढली, थंडी वाजली, आणि शेजारी कोण झोपले आहे हे कोणी विचारले नाही.